खोबरेल गोठतं की थिजतं?

घोडबंदर रोडला राहणाऱ्या एका आईने विचारलं आहे: 'मुलीने वहीत "थंडीत खोबरेल तेल गोठले" असं लिहिलं. आजी म्हणते, तेल गोठत नाही, थिजतं. बरोबर कोण?'

मुलीचं वाक्य चूक नाही. पाठ्यपुस्तकात 'गोठणांक' हा शब्द सगळ्याच द्रवांना लावतात. पण आजींचा शब्द जास्त नेमका आहे आणि तो मुलीला जरूर शिकवा.

गोठणं मुळात पाण्याचं. 0 अंश सेल्सिअसला त्याचा टणक बर्फ होतो. थिजणं तूप, खोबरेल, चरबी यांचं, आणि त्याला एवढी थंडी लागतही नाही. खोबरेल साधारण 24 अंशांच्या खाली थिजू लागतं. म्हणून जानेवारीत आमच्या नौपाड्यातल्या घरी सकाळी बाटली उलटी केली तरी थेंब पडत नाही. मग ती अंघोळीच्या कढत पाण्यात उभी करायची. आधी कडेचं तेल सुटतं आणि पांढरा गड्डा बराच वेळ तळाशी बसून राहतो.

तुपाचं थिजणं तर बघत बसावं असं. तुपात अनेक प्रकारचे स्निग्धांश असतात आणि प्रत्येकाचं थिजण्याचं तापमान वेगळं. त्यामुळे सगळं तूप एकदम घट्ट होत नाही, आधी कणी धरते. सावकाश निवू दिलं तर कणी मोठी होते, तेच आपलं रवाळ तूप. आणखी एक गंमत घरीच पाहा. थिजलेल्या तुपाला डब्यात मधोमध खळगा पडतो, कारण थिजताना ते आक्रसतं. पाणी उलट गोठताना सुमारे 9 टक्के फुगतं, म्हणून फ्रीझरमध्ये काठोकाठ भरलेली काचेची बाटली तडकते. असे दोन वेगळे स्वभाव आहेत, तर क्रियापदंही दोन असलेली मला फार आवडतात.

संतांच्या मराठीत 'थिजणे'ची जोडीदार 'विघुरणे' होती, म्हणजे पातळ होणे. ती आपण गमावली. निदान 'थिजणे' तरी जाऊ नये.

जाता जाता 'वितळणे'बद्दल. तूप, मेण, लोखंड उष्णतेने वितळतं. साखर चहात विरघळते, तिथे दुसरा द्रव लागतो. 'तूप विरघळलं' असं बोलण्यात सर्रास येतं, पण विज्ञानाच्या वहीत टाळावं. वितळून ओघळू लागलं की पाघळणं: तलावपाळीवर मुलांच्या हातातली कुल्फी मनगटापर्यंत येते, ती पाघळते. पावसाळ्यात गूळही पाघळतो, पण तिथे उष्णतेचा संबंध नाही, तो हवेतला ओलावा ओढून घेतो.

आणि पिठलं निवल्यावर घट्ट होतं ते बेसनातल्या स्टार्चमुळे. त्याला गोठलं म्हणू नका, थिजलंही नको. पिठलं आळतं.