आधी नोटपॅड उघड

बाबू, वेबसाईट बनवायची म्हणतोस, तर तयार साच्यांकडे लगेच वळू नको. महिनाभर नोटपॅडमध्ये हाताने एचटीएमएल, म्हणजे वेबपान बनवायची भाषा, लिही. आपल्या दारव्ह्याकडच्या खेड्यात लाईन गेली की नेटही जातं, पण लॅपटॉपला चार्जिंग असलं की नोटपॅड अन् ब्राउझर एवढ्यावर भागतं. वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी १९९१ मध्ये जी टॅगांची, म्हणजे एचटीएमएलमधल्या खुणांची, यादी दिली, त्यात टॅग होते अवघे १८. घाबरण्यासारखं काही नाही.

पहिलं पान मराठीतच कर. कापूस वेचणीचा हिशेब घे: तारीख, किलो, मजुरी. टेबल, टीआर (आडवी ओळ), टीडी (एकेक कप्पा) एवढ्या टॅगांत तक्ता उभा राहतो. मात्र हेडमध्ये, म्हणजे पानाच्या वरच्या न दिसणाऱ्या भागात, मेटा चारसेट यूटीएफ-८ ही ओळ हवीच; अक्षरं कोणत्या पद्धतीने साठवलीत ते ती ब्राउझरला सांगते. माझ्या पहिल्या पानात ती नव्हती. ‘कापूस’च्या जागी भलतीच चिन्हं उमटली अन् मी दोन दिवस फॉन्ट बदलत बसलो. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं एकेक चिन्ह तीन बाइटांचं असतं. ब्राउझरने ते बाइट सुटे सुटे वाचले की असा गोंधळ होतो. तयार साच्यात हे मला कधीच कळलं नसतं.

व्ह्यूपोर्टची, म्हणजे पान पडद्याच्या रुंदीत बसवणारी, ओळही टाक, नाहीतर मोबाईलवर अक्षरं मुंगीएवढी दिसतात, अन् गावात पाहणारे सगळे मोबाईलवाले.

सीएसएस, म्हणजे पानाच्या रंगरूपाची भाषा, नंतर. अडलं तर रविवारी पेनड्राइव्ह घेऊन घरी ये, ओळ न् ओळ सोबत वाचू.