नागपूरच्या उन्हाळ्यात ब्रेड ओव्हनमध्ये खाली का बसतो?

तुम्ही लिहिलंय की रेसिपीप्रमाणे कणकेचा ब्रेड केला, पीठ दीड तासात छान फुगलं, साच्यातही वर आलं, पण ओटीजीत (घरगुती विजेच्या छोट्या ओव्हनमध्ये) गेल्यावर मधोमध बसलं आणि आतून चिकट राहिलं. यीस्ट खराब आहे का, आणि ब्रेड मेकर घ्यावा का? यीस्ट ठणठणीत आहे, नाहीतर पीठ फुगलंच नसतं. उलट त्याने गरजेपेक्षा जास्त काम केलंय.

रेसिपीतला तो दीड तास साधारण 24-25 अंशांच्या स्वयंपाकघरासाठी असतो. नागपुरात मे महिन्यात ओट्यापाशी 38-40 अंश असतात, तिथे तेच पीठ पाऊण तासात दुप्पट होतं. त्यापुढेही यीस्ट वायू सोडत राहतं, ग्लुटेनची, म्हणजे पिठाला लवचीक ठेवणाऱ्या प्रथिनाची, जाळी ताणून पातळ होते आणि ओव्हनमध्ये वायू आणखी फुगला की फाटते. म्हणून घड्याळाकडे बघूच नका. पीठ सरळ कडांच्या काचेच्या बरणीत ठेवा, बाहेरून पिठाच्या पातळीवर रबरबँड लावा, तिथून दुप्पट झालं की झालं. साच्यात ओलं बोट हलकेच दाबून बघा. खड्डा टुणकन भरला तर थांबा, सावकाश आणि अर्धवट भरला तर ओव्हनमध्ये घाला, जसाच्या तसा राहिला तर उशीर झाला. तशा वेळी ते पीठ भाजू नका, हवा काढून पुन्हा आकार द्या आणि या वेळी लक्ष ठेवा. ओटीजी तापायला 15-20 मिनिटं लागतात, तेवढ्यातही उन्हाळ्यात पीठ पुढे निघून जातं. तो आधीच लावून ठेवा.

दुसरा उपाय म्हणजे पीठ भिजवायला फ्रीजचं गार पाणी. मात्र इन्स्टंट यीस्ट आधी मैद्यात मिसळा, थेट बर्फगार पाण्यात टाकू नका. दाणेदार ॲक्टिव्ह ड्राय यीस्ट असेल तर ते थोड्या कोमट पाण्यात भिजवावंच लागतं, मग उरलेलं पाणी गार घ्या.

आता कणीक. पहिले काही ब्रेड मैद्याचेच करा, असं माझं स्पष्ट मत आहे. आरोग्याचा विचार हात बसल्यावर. कणकेतला कोंडा ग्लुटेनचे धागे तोडतो आणि पाणीही जास्त पितो, त्यामुळे मैद्याच्या मापाने पाणी घातलं तर ब्रेड दडस होतो. मैद्याचा जमला की तिसरा हिस्सा कणीक घाला, पाणी दोन-तीन चमचे वाढवा आणि मळण्याआधी अर्धा तास नुसतं भिजवून ठेवा.

एक पौंडाच्या साच्याला माझं माप: मैदा 300 ग्रॅम, पाणी 190 ग्रॅम, मीठ 6 ग्रॅम, साखर 10 ग्रॅम, तेल किंवा लोणी 15 ग्रॅम, इन्स्टंट यीस्ट 3 ग्रॅम, म्हणजे सपाट एक छोटा चमचा. कडक उन्हाळ्यात यीस्ट 2 ग्रॅमच पुरतं. मीठ कमी करू नका, चवीइतकंच ते यीस्टला आवरायलाही लागतं.

मळताना पोळ्या करणाऱ्यांचा हात हटकून पिठाच्या डब्याकडे जातो. गोळा चिकट वाटला की मूठभर पीठ, अजून चिकट वाटला की अजून मूठभर. इथे तसं केलंत तर ब्रेड दुसऱ्याच दिवशी कोरडा पडेल. पुरणपोळीची कणीक तेल लावून कशी तिंबतो, तसं करा: हाताला थोडं तेल, आणि दहा-बारा मिनिटं ताणत-घडी घालत राहा. सुरुवातीला बोटांना चिकटेल, मग स्वतःच सुटत जाईल. छोटा तुकडा बोटांवर ताणला की न फाटता उजेड दिसेल असा पापुद्रा आला पाहिजे.

भाजताना दोन्ही रॉड चालू, साचा खालच्या रॅकवर, 200 अंशांवर दहा मिनिटं आणि मग 180 वर वीस ते पंचवीस. छोट्या ओटीजीत वरचा रॉड फार जवळ असतो, रंग आला की फॉईल टाका. वरचा रंग बघून ब्रेड बाहेर काढणं हे आत चिकट राहण्याचं दुसरं कारण. साच्यातून काढून बुडाशी टकटक केलं तर पोकळ आवाज यायला हवा. थर्मामीटर असेल तर मध्यभागी 94 अंश. नंतर जाळीवर निदान दीड तास गार होऊ द्या. घरच्यांना सांगून बघा, ऐकणार नाहीत, पण गरम कापलेला ब्रेड सुरीला चिकटतोच, कारण आतला स्टार्च अजून घट्ट झालेला नसतो.

ब्रेड मेकर आत्ता नको. बहुतेक मशीनचा कार्यक्रम ठरलेल्या वेळेवर चालतो, म्हणजे मे महिन्यात तुमचा मूळ प्रश्न तसाच राहील. त्याऐवजी एक ग्रॅमपर्यंत मोजणारा वजनकाटा आणि ओव्हनमध्ये ठेवायचा साधा थर्मामीटर घ्या. ओटीजीच्या डायलवरचे आकडे आणि आतलं खरं तापमान यांत बऱ्याचदा वीस-पंचवीस अंशांचा फरक असतो. उघडलेलं यीस्टचं पाकीट मात्र हवाबंद डब्यात घालून फ्रीजमध्येच ठेवा. नागपूरच्या उन्हात बाहेर राहिलं, तर ते खरंच खराब होईल.