आधी झबले काढ

प्रिय डॉक्टर,

तुझे पत्र दोनदा वाचले. सहा दिवस तापाने फणफणलेले मूल तू रात्री अडीच वाजता दाखल केलेस, विषमज्वर समजून सेफ्ट्रायाक्झोन हे प्रतिजैविक सुरू केलेस, आणि तिसऱ्या दिवशी वरिष्ठांनी त्याचा करदोटा सरकवला तेव्हा खाली काळी खपली सापडली. स्क्रब टायफस, म्हणजे चिगर माइट या बारीक किड्याच्या अळीच्या चाव्यातून जंतू शिरून येणारा ताप. आता तू माझ्याकडे दुर्मीळ आजारांची यादी मागितली आहेस. यादी मी देणार नाही. तापलेल्या मुलाचे सगळे कपडे उतरव आणि टाळूपासून तळपायापर्यंत त्याचे अंग नजरेखालून घाल, एवढेच मला सांगायचे आहे. ते तुला फार साधे वाटेल, याचीच मला चीड येते.

ही अळी चावते त्या जागी खपली धरते. ती बहुधा दुखत नाही, म्हणून आईच्याही ध्यानात येत नाही. काख, जांघ, कानामागची जागा, लंगोटाखालचा भाग अशा आडोशालाच ती अनेकदा असते, आणि ओलसर घडीत तर खपली निघून जाऊन नुसता पिवळसर व्रण उरतो. सेफ्ट्रायाक्झोनचा या जंतूवर उपयोग नाही. डॉक्सिसायक्लिन हे प्रतिजैविक वेळेवर मिळाले तर बहुधा दोन दिवसांत ताप उतरतो. 2018 मध्ये विदर्भात याची साथ आली होती, तेव्हापासून याला दुर्मीळ म्हणणे मला पटत नाही. तळहात आणि तळपाय पाहायलाही विसरू नकोस. टिक-टायफसचे, म्हणजे गोचीड चावून येणाऱ्या तापाचे, पुरळ तिथेही उमटते, आणि तान्ह्या बाळाचे मोजे काढायचा आपण सगळेच कंटाळा करतो.

हे मी अधिकाराने लिहीत नाही. पाच महिन्यांचे एक बाळ तापाच्या सातव्या दिवशी माझ्याकडे आले होते. ते सारखे किरकिरत होते, लघवीत पूपेशी होत्या, बाहेर रांग होती. मी लघवीचा संसर्ग लिहिला आणि झबले वर करून फक्त छाती व पोट तपासले. लघवीच्या कल्चरमध्ये जंतू वाढले नाहीत, तरीही मी माझे निदान सोडले नाही. तेराव्या दिवशी दुसऱ्या ठिकाणी टूडी एको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, झाला तेव्हा हृदयाच्या रक्तवाहिनीला फुगा आलेला होता. तो कावासाकी आजार होता, म्हणजे लहान मुलांच्या रक्तवाहिन्यांना सूज आणणारा ताप. बाळाची आई नंतर मला म्हणाली, "दंडावरची बीसीजीची जागा लाल झाली होती, मला वाटलं लस परत उठली." तीही याच आजाराची खूण, आणि ती जागा झबल्याच्या बाहीखाली होती. त्यावरचे औषध, इम्युनोग्लोब्युलिन, तापाच्या पहिल्या दहा दिवसांत द्यायचे असते, आणि त्यातले तीन दिवस माझ्या हातात होते.

टोमिसाकू कावासाकी यांनी 1961 मध्ये पहिला रुग्ण पाहिला आणि 1967 मध्ये 50 मुलांची वर्णने प्रसिद्ध केली. डोळे, ओठ, जीभ, त्वचा, मानेतली गाठ, हातपाय, सगळे डोळ्यांनी टिपलेले. आजही या आजारावर शिक्कामोर्तब करणारी एकच अशी चाचणी नाही. सहा महिन्यांखालच्या बाळात तर ही लक्षणे अर्धवटच दिसतात, आणि धोका मात्र त्यालाच अधिक असतो. म्हणून ताप कितव्या दिवसाचा आहे ते मोज, दिसून गेलेल्या खुणा आईला विचार, आणि कपडे काढ.

माझ्यामुळे रांग खोळंबते अशी तक्रार माझ्याविरुद्ध लेखी झाली आहे. मी पद्धत बदलली नाही आणि बदलणार नाही, कारण घाईने वाचवलेली मिनिटे मला त्या बाळाच्या आईला परत देता आली नाहीत. अत्यवस्थ मुलाचा श्वास, रक्ताभिसरण आणि रक्तातली साखर आधी सांभाळायची हे तुला सांगायला नको. पण ते स्थिर झाल्यावर, रक्ताचे रिपोर्ट हाती येण्याची वाट न पाहता, कपडे काढ. आणि चार-सहा तासांनी पुन्हा काढ, कारण संध्याकाळी नसलेले पुरळ पहाटे दिसते.

गर्दीत मुलाला उघडे कसे करायचे, असे तू विचारले आहेस. आईला जवळ उभे कर, काय पाहतो आहोत ते तिला सांग, मोठ्या मुलीला स्वतःला विचार, आणि एकेक भाग उघडून लगेच झाक. तुमच्या विभागात पडदा नसेल तर दोन परिचारिकांना चादर धरायला सांग. त्या धरतात.

तुझ्या पत्राची वाट पाहत,
तुझे जुने शिक्षक