निपाणीहून इमॅजिकाला जाताना कर्नाटकचं सिम चालेल का? दिवसभर घरच्यांशी संपर्क कसा ठेवावा?

ताई, तुमचा प्रश्न असा आहे: मे महिन्यात दोन कुटुंबं मिळून निपाणीहून खोपोलीजवळच्या इमॅजिका थीम पार्कला जाणार, सासरे आजारी असल्यामुळे घरी थांबणार, त्यांच्याजवळ नणंद असेल. सगळ्यांची सिमकार्डं कर्नाटकची. तिथे इंटरनेट मिळेल का, की महाराष्ट्राचं वेगळं सिम घ्यावं?

वेगळं सिम घेऊ नका. रोमिंगचा जुना हिशेब आता उरलेला नाही. 2016 मध्ये जिओ आलं तेच रोमिंग फुकट देत, आणि 2017 पासून बाकीच्या कंपन्यांनीही देशातल्या देशात जास्तीचे पैसे घेणं सोडलं. आपण सीमाभागातली माणसं तर हे रोजच बघतो. कोगनोळी ओलांडून कागलकडे गेलं की फोन महाराष्ट्राचा टॉवर पकडतो आणि आपल्याला कळतही नाही.

एक गोष्ट मात्र आधी तपासा. काही फोनमध्ये सर्कल, म्हणजे मोबाईल सेवेचा विभाग, बदललं की नेटवर्कच्या काड्यांशेजारी छोटा 'आर' दिसतो, आणि सेटिंगमध्ये 'डेटा रोमिंग' बंद असेल तर फोन लागतो पण नेट चालत नाही. पुढच्या वेळी अंबाबाईच्या दर्शनाला कोल्हापूरला जाल तेव्हा सगळ्यांचे फोन तिथे बघून घ्या. कोल्हापूर आणि खोपोली एकाच महाराष्ट्र सर्कलमध्ये येतात. कोल्हापुरात नेट चाललं तर पुढे सेटिंगमुळे अडणार नाही.

आता खरी अडचण. ती सिमची नाही, गर्दीची आहे. एका टॉवरची क्षमता ठरलेली असते आणि त्याखालचे सगळे ती वाटून घेतात. सगळ्या गल्लीने एकदम नळ सोडले की शेवटच्या घरात धार बारीक होते, तसंच. बेळगावात गणपती विसर्जनाच्या रात्री मिरवणुकीत उभं राहून व्हिडिओ पाठवून बघा. काड्या पूर्ण असतात, पण मेसेजखालचं घड्याळ काही हलत नाही. मे महिन्याच्या सुट्टीत, त्यात शनिवार-रविवारी, कुठल्याही थीम पार्कमध्ये हेच होऊ शकतं, कारण प्रत्येक जण तिथूनच रील टाकत असतो. काड्या सिग्नलचा जोर दाखवतात, टॉवरवर किती जण आहेत ते दाखवत नाहीत.

त्यात इमॅजिका सह्याद्रीच्या पायथ्याशी, खालापूर तालुक्यात. डोंगराच्या आडोशाला सिग्नल कमी-जास्त होतो आणि बंदिस्त राइडच्या आत तर आणखी कमी. फाइव्ह-जीच्या जास्त फ्रिक्वेन्सीच्या लहरी भिंतीतून नीट आत शिरत नाहीत. फोन सारखा फाइव्ह-जी आणि फोर-जीमध्ये उड्या मारत असेल तर सेटिंगमध्ये जाऊन फोर-जीवर ठेवा. नेट स्थिर राहतं आणि बॅटरीही वाचते. सिग्नल कमकुवत असला की फोन टॉवर गाठायला जास्त ताकद लावतो, म्हणून अशा ठिकाणी दुपारपर्यंत बॅटरी निम्म्यावर येते. पॉवर बँक आणि वायर दोन्ही घ्या.

पण सासऱ्यांसाठी तुम्हाला इंटरनेट लागतच नाही, आणि मला हेच कळकळीने सांगायचं आहे. नणंदेला सांगून ठेवा, काही झालं तर व्हॉट्सअॅप कॉल करायचा नाही, साधा फोन करायचा. व्हॉट्सअॅप कॉल नेटच्या गर्दीत सगळ्यांबरोबर रांगेत उभा राहतो. साध्या व्होल्टी कॉलसाठी, म्हणजे फोर-जीवरून जाणाऱ्या नेहमीच्या फोनसाठी, नेटवर्क वेगळी वाट राखून ठेवतं आणि त्याला डेटाच्या आधी जागा देतं. म्हणून रील अडकलेलं असतानाही फोन लागतो. फोन नाहीच लागला तर दोन शब्दांचा साधा एसएमएस. तुमचा फोन रेंजबाहेर असला तरी तो कंपनीकडे थांबून राहतो आणि रेंज आली की येऊन पडतो. आईचं ऑपरेशन झाल्यावर आम्हाला एकदा असंच बाहेरगावी जावं लागलं होतं. तेव्हा घरात फोनजवळच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात नंबर लिहून चिकटवले होते, कुणाला आधी लावायचा, कुणाला नंतर. घाबरलेला माणूस कॉन्टॅक्ट शोधत बसत नाही.

नंबर कुणाचे द्यायचे, हे सिम बघून ठरवा. तुम्हा सगळ्यांची सिमं एकाच कंपनीची असतील तर त्या कंपनीचा टॉवर अडला की सगळेच गप्प. एअरटेल, व्हीआय आणि बीएसएनएलला खाली टू-जीचा आधार आहे, फोर-जी गेलं तरी कॉल त्यावर उतरतो. जिओकडे टू-जी नाही, तिथे फोर-जी किंवा फाइव्ह-जी असावंच लागतं. म्हणून यादीत पहिले दोन नंबर वेगवेगळ्या कंपन्यांचे हवेत.

आणि तो फोन कुणाच्या तरी हातात हवा. तुम्ही राइडवर किंवा पाण्यात असाल तेव्हा फोन लॉकरमध्ये असणार. मोठ्या राइडवर खिशात मोबाईल ठेवून बसूच नये. वॉटरप्रूफ पाऊच मिळतात, पण ओल्या बोटांना स्क्रीन दाद देत नाही, आणि पाण्याच्या, गाण्यांच्या आवाजात रिंगही ऐकू येत नाही. दोन कुटुंबं आहात, तर पाळी लावा. एक मोठं माणूस कायम बाहेर, उघड्या जागी, फोन हातात घेऊन. आत जाणाऱ्याने आपला फोन त्याच्याकडे द्यायचा. कॉल फॉरवर्डही करता येतो, 'नॉट रीचेबल' असताना नवऱ्याच्या नंबरवर जाईल असा. तो फोनच्या सेटिंगमधूनच करा. कुणी अनोळखी माणूस फोन करून स्टार-चारशेएकने सुरू होणारा कोड दाबायला सांगेल तर अजिबात दाबू नका. त्यातून फसवणूक होत होती, म्हणून सरकारने 15 एप्रिल 2024 पासून कोड दाबून होणारं फॉरवर्डिंग बंद करायला लावलं.

बाकी नेटची कामं निपाणीतच उरका. तिकिटाचा क्यूआर गॅलरीत सेव्ह करा, ईमेलमध्ये ठेवून गेटवर शोधू नका. गूगल मॅपवर पुणे ते खोपोलीचा भाग ऑफलाइन डाउनलोड करा. यूपीआयला ऐनवेळी नेट नसेल तर पंचाईत होते, म्हणून थोडी रोकड दोघांकडे वेगवेगळी ठेवा. कुठल्याही सार्वजनिक वायफायवर भरवसा ठेवू नका. त्याला बहुधा आधी मोबाईलवर ओटीपी यावा लागतो, म्हणजे जिथे सिमलाच रेंज नाही तिथे ते उघडणारच नाही. मुलं आणि मोठे वेगळे होणार असतील तर लाइव्ह लोकेशनच्या भरवशावर राहू नका, तेही नेटवरच चालतं. आत शिरल्या शिरल्या सगळ्यांना एक जागा दाखवा आणि वेळ ठरवा.

निघायच्या आदल्या संध्याकाळी नणंदेला घरून प्रत्येक नंबरवर एकदा साधा फोन करायला लावा. प्रवासात एक्सप्रेसवेवर कामशेतपासून बोर घाट उतरेपर्यंत बोगदे लागतात, तिथे फोन मध्येच तुटू शकतो. घरच्यांना हे आधीच सांगा आणि पुण्याला चहाला थांबाल तेव्हा तुम्हीच फोन करून सासऱ्यांची सकाळची गोळी झाली का विचारा.