मिशेल यो मुळात बॅले शिकलेली, मग तिला मार्शल आर्ट्स स्टार का म्हणायचं?

प्रश्नाखाली तुम्ही पुढे असंही लिहिलंय की जॅकी चॅन, जेट ली ही माणसं लहानपणापासून घडलेली, मिशेल यो मात्र "नुसती नाचायची", तर तिला त्यांच्या पंगतीत बसवावं का, आणि तिच्या एकूण कारकिर्दीबद्दल कुणी सांगेल का. कारकिर्दीचं सांगते. पण त्या "नुसती नाचायची"पाशी माझी सुई अडकली आहे, तेव्हा आधी ते.

मी अकरा वर्षं कथक केलंय. सव्विसाव्या वर्षी, नोकरीत बसून बसून कंबर धरायला लागली म्हणून चुलतभावाच्या क्लासमध्ये कराटेला नाव घातलं. दादा तेव्हाच ब्लॅक बेल्ट होता, क्लासमध्ये सरांच्या खालोखाल त्याचा शब्द. पहिल्याच दिवशी त्याने मला किबा दाचीत उभं केलं, म्हणजे घोड्यावर बसल्यासारखं गुडघे वाकवून. कथकवाल्या आम्ही ताठ उभ्या राहणाऱ्या. दोन मिनिटांत माझ्या मांड्या शिलाई मशीनसारख्या थडथडायला लागल्या. दादा म्हणाला, "तायडे, इथे घुंगरू नसतात."

बरं, नसतात. पण पहिला काता, म्हणजे ठरलेल्या क्रमाने एकट्याने करायच्या हालचाली, मी दोन संध्याकाळींत पाठ केला, बाकीच्यांना तो महिनाभर पुरला. माझी हुशारी नाही यात. मला तो काता दिसतच नव्हता, कथकचा तुकडा दिसत होता, म्हणजे तालात बसवलेली छोटी रचना. वळायचं, अडवायचं, पाऊल पुढे, ठोसा, पुन्हा मागे वळायचं. कुठे जोर, कुठे श्वास, कुठे नुसतं थांबणं. शेवटचा ठोसा ओरडून मारायचा आणि जागच्या जागी थिजायचं, ही तर सरळसरळ सम, तालाची पहिली मात्रा, जिथे येऊन सगळं थांबतं.

बेल्टच्या परीक्षेला बाहेरून एक परीक्षक आले होते. माझ्या बॅचमध्ये सगळी आठ ते चौदा वयाची पोरं आणि त्यांच्यात मी एक घोडी. काता केला. एक पाऊल चुकलं नाही, हे मी आजही छातीवर हात ठेवून सांगेन. शेवटच्या ठोशाला थांबले तेव्हा मान किंचित कलली असेल. हात जिथे जातो तिथे नजर, हे आमच्या अंगात पहिल्या वर्षापासून मुरवलेलं असतं, ते एका परीक्षेपुरतं काढून ठेवता येत नाही. परीक्षकांनी कागदावरून डोकं वर केलं आणि म्हणाले, "मॅडम, हा काता आहे. कथक नाही."

हॉलभर हशा. सगळ्यात मोठ्याने दादा. पिवळा पट्टा मिळाला, पण ते वाक्य दादाने घरी आणलं. मग कुणाचं केळवण असो, मुंज असो, पानं उठायच्या आत ते वाक्य एकदा पंगतीत फिरायचंच. तुमचा प्रश्न वाचून मला तोच हशा ऐकू आला, म्हणून इतकं लिहितेय.

आता मिशेल यो. जन्म १९६२, मलेशियातलं इपोह. चार वर्षांची असल्यापासून बॅले. पुढे इंग्लंडला शिकायला गेली, लंडनच्या रॉयल अकॅडमी ऑफ डान्सपर्यंत पोचली आणि तिथे पाठीच्या दुखापतीने व्यावसायिक बॅले संपला. १९८३ ची मिस मलेशिया. त्यानंतर हाँगकाँगमधून एका घड्याळाच्या जाहिरातीसाठी बोलावणं आलं. समोर कोण असणार, तर म्हणे 'सिंग लुंग'. तिला काही बोध होईना, कारण ती इंग्रजी आणि मलय बोलत वाढलेली, कँटोनीज यथातथाच. प्रत्यक्ष गेल्यावर कळलं की सिंग लुंग म्हणजे जॅकी चॅन.

१९८४ मध्ये सॅमो हुंगच्या एका सिनेमात तिला सोज्वळ शिक्षिकेचं काम मिळालं. हाणामारी पुरुषांनी करायची, हिने वाचवून घ्यायचं. ती बाजूला उभी राहून मारामाऱ्यांचं चित्रीकरण बघत राहायची, आणि तिला तिथे मारामारी दिसत नव्हती, नृत्यरचना दिसत होती. हे तिने स्वतः अनेकदा सांगितलंय. मग तिने हेच काम मागितलं, स्टंटवाल्या पोरांबरोबर व्यायामशाळेत घाम गाळला आणि १९८५ मध्ये 'येस, मॅडम' आला. दिग्दर्शक कोरी युएन, जोडीला अमेरिकेची सिंथिया रॉथरॉक, जी खरोखरच कराटे-कुंगफूच्या स्पर्धा जिंकून आलेली. त्यातला एक शॉट बघा. मिशेल कठड्यावर गुडघे अडकवून मागे उलटी झोकून देते आणि खालची काच पाठीने फोडते. पाठीने. ज्या पाठीमुळे बॅले सोडावा लागला त्याच पाठीने.

त्या एका शॉटवर माझं समाधान आहे, पण तुम्ही "घडलेली माणसं" म्हणालात, तर त्यांचंही बघू.

जॅकी चॅन कुठे घडला? कुंगफूच्या मठात नाही. हाँगकाँगमधल्या पेकिंग ऑपेराच्या शाळेत. म्हणजे नाटकशाळेत. गाणं, कोलांट्या, रंगभूषा, लुटुपुटूच्या तलवारी, आणि हे सगळं तालवाद्यांच्या ठेक्यावर. सॅमो हुंग त्याच शाळेतला, युएन बियाओ त्याच शाळेतला, 'येस, मॅडम'चा कोरी युएनही तिथलाच. हाँगकाँगच्या मारामारीला जो ठेका आहे ना, ताड-ताड-ताड आणि एक क्षण सगळं स्तब्ध, तो या ऑपेराच्या ढोल-झांजांतून आलेला आहे. जेट ली वूशूचा, म्हणजे चिनी मार्शल आर्ट्सच्या खेळाचा, राष्ट्रीय विजेता, शंभर टक्के खरं. पण त्याचं नाव झालं ते ताओलूत, म्हणजे आधी बसवलेल्या हालचाली परीक्षकांसमोर करून दाखवायच्या आणि गुण घ्यायचे. आमच्या विशारदच्या परीक्षेला आम्ही वेगळं काय करत होतो? आणि ब्रूस ली, ज्याचा फोटो दादाच्या खोलीत गणपतीच्या शेजारी होता, त्याने १९५८ मध्ये हाँगकाँगची चा-चा स्पर्धा जिंकली होती. चा-चा हा लढाईचा प्रकार नाही हो. नाच आहे.

हे दादाला मी सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "तो अपवाद." एवढ्या सगळ्यांत नियम कोण, ते त्याने अजून सांगितलेलं नाही.

बायकांकडे आलात तर विचारूच नका. 'क्राउचिंग टायगर, हिडन ड्रॅगन' (२०००) मध्ये तिघी लढतात. मिशेल यो, बॅले. झांग झियी, अकरा वर्षांची असताना बीजिंगच्या नृत्यविद्यालयात दाखल झालेली. आणि जेड फॉक्स झालेली चेंग पेई-पेई, जी साठच्या दशकात तलवारबाज नायिकांची राणी होती, तीही मूळची बॅलेचीच. तिन्ही नाचणाऱ्या. दिग्दर्शक अँग लीला आणि मारामाऱ्या बसवणाऱ्या युएन वू-पिंगला कळत नव्हतं असं समजायचं का आपण?

त्या सिनेमातला रात्रीचा छपरांवरचा पाठलाग मी किती वेळा बघितलाय याला गणती नाही. मागे फक्त तालवाद्यं, दुसरं काही नाही. हात मोकळे ठेवून बघूच शकत नाही मी, बोटं मांडीवर चालू होतात. मिशेल आणि झांग झियी भिडतात, हात सुटतात, लय चढत जाते आणि नेमक्या जागी थांबते. नंतर अंगणातली लढत आहे, तिच्यात मिशेल एकेक हत्यार उचलते आणि झांग झियीची तलवार ते तोडते. मध्येच ती एक जाडजूड धातूचा दांडका उचलायला जाते आणि तो तिला पेलवतच नाही. अख्ख्या लढतीत तेवढाच हसू येण्याचा क्षण, आणि तो बरोबर मारलाय. तोल जाताना शरीर खोटं दिसू न देणं ही अवघड गोष्ट आहे. तोल सांभाळायला सगळेच शिकतात. या सिनेमाच्या चित्रीकरणात तिच्या गुडघ्याचं लिगामेंट फाटलं, शस्त्रक्रिया झाली, ती परत येऊन उभी राहिली. शिवाय मँडरिन येत नव्हतं, चिनी लिपी वाचता येत नव्हती, संवाद कानाने पाठ केले. कथकचे बोल आम्ही असेच पाठ करतो, अर्थ नंतर कधीतरी कळतो, किंवा नसतोच.

मधलं राहिलं. १९८८ मध्ये निर्माता डिकसन पूनशी लग्न करून तिने काम थांबवलं, १९९२ मध्ये घटस्फोट झाला आणि त्याच वर्षी 'पोलीस स्टोरी ३: सुपरकॉप' घेऊन परतली. जॅकी चॅनच्या सिनेमात जॅकीपेक्षा जास्त लक्षात राहते ती मिशेल, कारण ती मोटारसायकल उडवून चालत्या रेल्वेवर उतरते. मोटारसायकल चालवायला ती याच सिनेमासाठी शिकली होती. शेवटच्या नावांबरोबर फसलेले टेक दाखवतात, ते उठून जाऊ नका. गाडीच्या बॉनेटवर पडून तिला पकड मिळत नाही आणि ती घसरत रस्त्यावर येते, तो टेक तिथे आहे. मग 'विंग चुन' वगैरे, १९९६ मध्ये अ‍ॅन हुईच्या सिनेमात पुलावरून उडी मारताना भयंकर दुखापत (त्यात ती स्टंट करणाऱ्या बाईचीच भूमिका करत होती), १९९७ मध्ये बाँडपट, पुढे हॉलिवूड. सगळ्या सिनेमांची जंत्री मी देत नाही, ती कुठेही मिळेल.

ऑस्करचं मात्र सांगते. 'एव्हरीथिंग एव्हरीव्हेअर ऑल अ‍ॅट वन्स'ची मूळ कल्पना जॅकी चॅनला डोळ्यांसमोर ठेवून सुचलेली होती. नंतर दिग्दर्शकांनी नायकाची नायिका केली आणि मिशेल आली. सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा ऑस्कर मिळवणारी पहिली आशियाई स्त्री. आपल्याकडे १३ मार्च २०२३ ची सकाळ होती, मी डबे भरत होते आणि दादाचा मेसेज आला: "बघ, मार्शल आर्ट्सवालीला ऑस्कर!!" दोन उद्गारचिन्हं त्याचीच. परीक्षकांच्या वाक्याला सोळा वर्षं होऊन गेली होती. मी पोळीच्या हाताने एकच शब्द लिहिला, "नाचणारीला." निळ्या टिका झाल्या. उत्तर अजून यायचंय.

(त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ती आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीवर निवडून आली आणि ती बैठक आपल्या मुंबईत होती. हे किती जणांना माहीत आहे?)

आता दादावर अन्याय नको, म्हणून एक कबुली. पिवळ्या पट्ट्यानंतर कुमिते सुरू झालं, म्हणजे समोर माणूस उभा करून लढणं. माझ्यासमोर चौदा वर्षांची एक काटकुळी मुलगी. मी तिची लय पकडायला बघत होते, दोन पावलं, तीन पावलं, आता समेवर येईल तेव्हा अडवू. तिने मध्येच कुठल्या तरी भलत्याच मात्रेला माझ्या नाकावर ठोसा ठेवून दिला. रक्त आलं. सरांनी बर्फ आणला. दादा त्या दिवशी हसला नाही, तेही नोंदवते. तेव्हा नाच येतो म्हणून लढता येतं असं माझं म्हणणं नाही. खऱ्या लढतीत समोरचा तुमच्या तालात येत नाही, आणि त्यासाठी रोज मार खाऊन शिकावं लागतं. मी आणखी चार महिने मार खाल्ला आणि सोडलं. सिंथिया रॉथरॉक आणि मिशेल यो खरोखर भिडल्या असत्या तर मी माझे पैसे रॉथरॉकवर लावले असते.

पण तुमचा प्रश्न सिनेमाच्या स्टारबद्दल होता. पडद्यावर ठोसा लागायचा नसतो, लागल्यासारखा दिसायचा असतो, आणि समोरच्याने तो वेळेवर खायचा असतो. त्यात जॅकी, जेट आणि मिशेल एकाच पंगतीत आहेत. माझ्या मते मिशेल एक पाट पुढे, कारण बाकी दोघांना पोरवयापासून हेच शिकवत होते आणि ती बाविसाव्या-तेविसाव्या वर्षी, मोडलेली पाठ घेऊन आली. माझ्यापेक्षा तीन-चार वर्षं लहान, एवढंच.

बघायचे असतील तर आधी 'येस, मॅडम', मग 'सुपरकॉप', मग 'क्राउचिंग टायगर'. ऑस्करवाला सगळ्यात शेवटी, नाहीतर त्यातल्या निम्म्या गमती डोक्यावरून जातात. पहिल्या दोन्हींतल्या मारामाऱ्या एकदा आवाज बंद करून बघा आणि बोटांवर मात्रा मोजा. शेजारी कुणी ब्लॅक बेल्ट बसला असेल तर मोजायचं काम त्याला द्या.