शंका-समाधान : ब्रेक विसरला, दोष कुणाचा?

प्रश्न : मी महाविद्यालयात सी आणि जावा या प्रोग्रॅमिंग भाषा शिकवते. स्विचमधल्या (किमतीनुसार पर्याय निवडणाऱ्या रचनेतल्या) केसखाली, म्हणजे एकेका पर्यायाखाली, ब्रेक ही बाहेर पडण्याची आज्ञा लिहायला विद्यार्थी हमखास विसरतात आणि केस वाढल्या की तो कोड मलाही धड वाचता येत नाही. हा दोष विद्यार्थ्यांचा की भाषेचा? (एक प्राध्यापिका, नाशिक)

उत्तर : माझ्या मते दोष भाषेच्या रचनेचा आहे. सीमध्ये केस हा स्वतंत्र कप्पा नसून उडी मारून पोहोचण्याची नुसती खूण असते. त्यामुळे ब्रेक नसेल तर प्रोग्रॅम सरळ पुढच्या केसमध्ये घरंगळतो. बहुतेक वेळा हे कुणालाच नको असते, तरी भाषा तेच गृहीत धरते, आणि ब्रेक मुद्दाम गाळला की विसरला हे वाचणाऱ्याला कळायला मार्ग राहत नाही. लिहिलेला ब्रेकही फसवतो. १५ जानेवारी १९९० रोजी अमेरिकेत एटी अँड टीचे दूरध्वनी जाळे सुमारे नऊ तास विस्कळीत झाले, त्याच्या मुळाशी स्विचमधील इफच्या (अट तपासणाऱ्या रचनेच्या) आत पडलेला एक ब्रेक होता. तो इफमधून नव्हे, तर थेट स्विचमधून बाहेर काढत होता.

गो आणि स्विफ्ट या भाषांनी हे गृहीतकच उलटवले : केस आपोआप संपते आणि पुढे जायचेच असेल तर फॉलथ्रू हा शब्द लिहावा लागतो. जे क्वचित घडते ते लिहून दाखवावे, ही मला यातली सर्वांत मोलाची गोष्ट वाटते.

जावा १४ पासून (मार्च २०२०) बाणाची मांडणी कायम झाली. महिन्याचे दिवस काढताना पूर्वी एप्रिल, जून, सप्टेंबर आणि नोव्हेंबर यांच्या चार केस एकाखाली एक रचून, मग ३० ही किंमत देऊन, शेवटी ब्रेक लिहावा लागे. आता 'केस ४, ६, ९, ११', पुढे बाण आणि ३० एवढ्या एका ओळीत काम होते, शिवाय संपूर्ण स्विचची किंमत थेट चलात ठेवता येते. अशा स्विचमध्ये इनमचा (ठरावीक नावांच्या यादीचा) एखादा पर्याय राहून गेला तर कंपायलर (कोड तपासून त्याचे भाषांतर करणारा प्रोग्रॅम) अडवतो. म्हणून तिथे सवयीने डिफॉल्ट (उरलेल्या सर्व पर्यायांसाठीची शाखा) लिहू देऊ नका, कारण त्याने हीच राखण नाहीशी होते.

सीच्या तासाला मात्र जीसीसी या कंपायलरची ७ किंवा त्यापुढची आवृत्ती वापरून 'डब्ल्यू-एक्स्ट्रा' हा पर्याय पहिल्या दिवसापासून चालू ठेवायला सांगा. ब्रेक राहिला की कंपायलर ती ओळ दाखवून इशारा देतो.