लॅपटॉपच्या १ टीबी हार्डडिस्कवरचं विंडोज (सगळा डेटा मिळून २१० जीबी) ५०० जीबीच्या एसएसडीवर जसंच्या तसं कसं न्यावं?

नेता येतं, विंडोज नव्याने टाकायची गरज नाही. तुमचा सगळा डेटा २१० जीबी आहे आणि ५०० जीबीची एसएसडी विंडोजमध्ये ४६५ जीबी दिसते, म्हणजे जागा भरपूर आहे. नकलेचं (म्हणजे क्लोनचं) काम सॉफ्टवेअर करतं; घोटाळे होतात ते आधीच्या तयारीत.

फोटो आणि कागदपत्रांची एक प्रत आधी वेगळ्या डिस्कवर काढा. मग क्रिस्टलडिस्कइन्फो या डिस्कची तब्येत दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये जुनी डिस्क तपासा. ‘करंट पेंडिंग सेक्टर’ (डिस्कचे नीट वाचता न येणारे भाग) शून्य नसेल तर क्लोन अर्ध्यात अडकण्याची शक्यता मोठी. अशा डिस्कवरून फाइल्स तेवढ्या काढून घ्या आणि विंडोज नव्याने टाका. तिला तासन्‌तास राबवू नका.

सेटिंग्जमध्ये ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’ किंवा बिटलॉकर, म्हणजे डिस्कवरच्या डेटाला कुलूप लावणारी विंडोजची सोय, चालू आहे का ते बघा. कित्येक लॅपटॉपवर ते आपोआप चालू झालेलं असतं आणि मालकाला पत्ताच नसतो. ४८ आकडी रिकव्हरी की मायक्रोसॉफ्ट खात्यातून कागदावर उतरवून घ्या, मग एन्क्रिप्शन बंद करा आणि ते पूर्ण उतरेपर्यंत थांबा.

एसएसडी यूएसबी ३ ते साटा (डिस्क जोडायची खाच) अशा केबलने लॅपटॉपला जोडा. सॉफ्टवेअर एसएसडीच्या कंपनीचंच घ्या: सॅमसंगचं स्वतःचं आहे, क्रूशियल, किंग्स्टन, डब्ल्यूडी या कंपन्या अॅक्रॉनिसचं सॉफ्टवेअर देतात. ही सॉफ्टवेअर्स पार्टिशन (डिस्कचे सी, डी असे भाग) आपोआप लहान करून बसवतात. क्लोनझिला हे मोफत सॉफ्टवेअरही उत्तम आहे, पण नवी डिस्क जुन्याएवढी किंवा मोठी असावी अशी त्याची अपेक्षा असते. ते वापरायचंच असेल तर डिस्क मॅनेजमेंटमधून आधी पार्टिशन आकसून घ्यावं लागतं, आणि तिथे ‘श्रिंक’ बरेचदा निम्म्यावरच अडतं. पेजफाइल, हायबरनेशनची फाइल आणि रिस्टोअर पॉइंट जागचे हलत नाहीत, म्हणून. तिन्ही तात्पुरते बंद करून रीस्टार्ट केलं की जागा सुटते.

क्लोन करताना फक्त सी ड्राइव्ह निवडू नका, पूर्ण डिस्क निवडा. सुरुवातीचं १००-२०० एमबीचं ईएफआय पार्टिशन (विंडोज सुरू करून देणारा भाग) राहून गेलं तर ‘नो बूटेबल डिव्हाइस’ ठरलेलं. २१० जीबीला तास-दीड तास धरा, चार्जर लावून ठेवा.

आता लॅपटॉप पूर्ण बंद करून उघडा. खालचे स्क्रू सगळे सारखे नसतात, म्हणून कागदावर लॅपटॉपचा चौकोन काढून प्रत्येक स्क्रू त्याच्या जागी ठेवा. लांब स्क्रू आखूड भोकात आवळला तर वरचं प्लास्टिक फुगतं, कधी फुटतंही. डिस्कला हात लावण्याआधी बॅटरीचा कनेक्टर काढा. साटा एसएसडी ७ मिमी जाडीची असते, जुनी ९.५ मिमीची असेल तर सोबत मिळणारी प्लास्टिकची चौकट चिकटवा, नाहीतर ती सैल राहते.

पहिल्यांदा फक्त एसएसडी लावूनच सुरू करा. क्लोन झाल्यावर दोन्ही डिस्कची ओळखसंख्या एकच असू शकते. दोन्ही जोडलेल्या असतील तर विंडोज एकीला ऑफलाइन करतं किंवा नकळत जुनीवरूनच सुरू होतं. तरी सुरू झालं नाही तर बायोसमध्ये (लॅपटॉप चालू करतानाच्या सेटिंग्जमध्ये) यूईएफआय आणि लेगसी या सुरू होण्याच्या पद्धतींपैकी पूर्वी जे होतं तेच आहे ना, ते बघा. तेही बरोबर असेल तर विंडोजच्या पेनड्राइव्हवरून ‘स्टार्टअप रिपेअर’ चालवा.

जुनी डिस्क महिनाभर तशीच बाजूला ठेवा. फॉर्मॅट त्यानंतर.